नॉर्वेजियनचे लांबलचक शब्द : तोडायचे कुठे आणि जोर द्यायचा कुठे

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मी नेमकं कशाला उत्तर देतेय ते स्पष्ट राहील. नॉर्वेत ड्रामेनला येऊन आठ महिने झाले, वाचलेलं बऱ्यापैकी कळतं, मुलीच्या बालवाडीतून येणारे मेसेज डिक्शनरीशिवाय समजतात, पण तेच शब्द तोंडाने म्हटले की समोरचा हमखास "वा सा दू?" म्हणजे "काय म्हणालात?" असं विचारतो. त्यातही लहान शब्द निभावून जातात, लांब जोडशब्द आला की गाडी अडते. ॲपमध्ये सांगितलंय की जोर नेहमी पहिल्या अक्षरावर द्यायचा, तसा दिला तरी लोकांना कळत नाही. मग हे शब्द तोडायचे कसे, जोर नक्की कुठे, आणि ते 'सूर' नावाचं प्रकरण आत्ताच शिकायचं का.

मी ओस्लोत बारा वर्षं मोठ्या माणसांना नॉर्वेजियन शिकवतेय, आणि पहिली दोन-तीन वर्षं मी स्वतः याच भिंतीवर डोकं आपटलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. उच्चार मी ओस्लोकडचे देते, देवनागरीत जमतील तसे. नॉर्वेत एकच असा अधिकृत उच्चार नाहीये, टीव्हीवरसुद्धा लोक आपापल्या गावच्या बोलीत बोलतात, पण ड्रामेन आणि ओस्लो एकाच पट्ट्यात येतात त्यामुळे तुम्हाला हे जसंच्या तसं चालेल.

तर सगळ्यात महत्त्वाचं आधी. अक्षरं मोजायच्या आधी सांधा शोधायचा, म्हणजे दोन शब्द जिथे जुळलेत ती जागा. आपण उलटं करतो, पाटी दिसली की डावीकडून एकेक अक्षर लावत जातो, आणि शब्दाच्या शेवटी पोचेपर्यंत तो शब्द राहतच नाही. तुमच्या मुलीच्या डब्याचंच उदाहरण घ्या. रोज सकाळी ब्रेडचे काप, मध्ये चीज, असा जो डबा ती नेते त्याला म्हणतात मातपाक्के. 'मात' म्हणजे खाणं, 'पाक्के' म्हणजे पुडी. आता नॉर्वेजियनचा एक पक्का नियम आहे की जोर असलेल्या अक्षरात एक तर स्वर लांब आणि पुढचं व्यंजन आखूड, नाहीतर स्वर आखूड आणि व्यंजन लांब. ताक म्हणजे छप्पर, आणि तक्क म्हणजे थँक्यू. लेगे म्हणजे डॉक्टर, लेग्गे म्हणजे ठेवणे. लिहिताना हे कसं कळतं, तर स्वरानंतर एक व्यंजन असेल तर स्वर बहुतेक वेळा लांब, दोन असतील तर आखूड. क्लासमध्ये हा नियम पहिल्याच महिन्यात सांगतात आणि सगळे पाठ करतात. आणि मग मातपाक्के समोर येतो, माणूस बघतो की 'आ' नंतर 'त' आणि 'प' अशी दोन व्यंजनं आहेत, आणि प्रामाणिकपणे नियम लावून म्हणतो "मत्पाक्के". समोरच्याला काही कळत नाही, कारण 'मत्त' म्हणजे निस्तेज, थकलेला, 'मात' नाहीच त्यात कुठे.

नियम बरोबर होता, तो सांध्याच्या पलीकडची व्यंजनं मोजत होता ही चूक. त्यातलं 'प' दुसऱ्या शब्दाचं आहे, त्याचा इकडे काही संबंध नाही. मोजणी प्रत्येक घटकाच्या आत करायची, सांधा ओलांडून कधीच नाही. हे एकदा डोक्यात बसलं ना, की निम्म्या चुका तिथल्या तिथे जातात, हे मी शेकडो विद्यार्थी बघून सांगतेय.

अजून एक शब्द, यावर प्रत्येक बॅचमधले निम्मे लोक अडखळतात. गॅरेजच्या पाटीवर लिहिलेला असतो, बीलदेलेर. म्हणजे बील अधिक देलेर, गाडीचे भाग, स्पेअर पार्ट्स. पण डोळ्याला पहिल्यांदा दिसतं ते 'बिल्दे', कारण बिल्दे म्हणजे चित्र हा शब्द आपण पहिल्या आठवड्यात शिकलेलो असतो. एकदा डोळ्याने तिथे तोडलं की 'बी' ऱ्हस्व होतो, जोर तोच राहिला तरी स्वराची लांबी गेली, आणि दुकानदाराच्या कानावर पडतं चित्र-लेर, म्हणजे काहीच नाही. तसंच बाणोल. हा म्हणजे पाइनसारख्या झाडांची सुई, जमिनीवर तपकिरी सडा पडतो ना जंगलात, त्यातली एक काडी. बार म्हणजे त्या झाडांच्या डहाळ्या, नोल म्हणजे सुई. पण लिहिलेली रोमन अक्षरं ओळीने बघितली तर पहिली चार मिळून 'बाण' होतात, म्हणजे मूल, आणि उरतं 'ओल', म्हणजे ईल मासा. मुलाचा मासा! उच्चारात र आणि न एकत्र येऊन ण होतोच, त्यामुळे कानाला फारसा फरक नाही, पण अर्थ लावायला गेलात तर चांगलाच गोंधळ. इथे डोळ्यापेक्षा संदर्भच वाचवतो.

हे आपल्याला परकं वाटायचं कारण नाही, आपण मराठी वाचताना हेच करतो, फक्त लक्षात येत नाही. 'जनगणना' हा शब्द तुम्ही कसा वाचता? जन् थोडं थांबून गणना. लिहिलेलं आहे ज-न-ग-ण-ना, 'न' ला हलंत चिन्ह नाही, तरी तिथला अ आपण गिळतो आणि 'ग' मधला गिळत नाही. का? कारण सांधा कुठे आहे ते आपल्याला माहीत आहे. देवघर, राजकारण, घरजावई, सगळीकडे तेच. परदेशी माणूस देवनागरी शिकून 'राजकारण' ला 'रा-जका-रण' वाचतो तेव्हा आपल्याला जे वाटतं तेच ड्रामेनच्या बालवाडीतल्या बाईंना तुमचा मत्पाक्के ऐकून वाटत असणार. आणि आपल्यासारखंच त्यांचंही शेवटचं पद मुख्य असतं. देवघर हे घर आहे म्हणून 'ते देवघर', तसं बाणेहागे, म्हणजे बालवाडी, हे हागे आहे, म्हणजे बाग, म्हणून लिंग बागेचं. त्यामुळे शब्द लांब असेल तर मी उजवीकडून सुरुवात करायला सांगते. शेवटचा ओळखीचा शब्द कुठला दिसतोय तो आधी पकडा, वस्तू काय आहे ते कळतं, मग डावीकडे जे उरलं ते नुसतं 'कसलं' एवढं सांगतं.

सांध्यावर कधीकधी एखादं अक्षर जास्तीचं येतं, एस किंवा ई. बाण अधिक ए अधिक हागे. आर्बैत्सप्लास, म्हणजे नोकरीची जागा, यात मधला एस. हे अक्षर कोणाचं? कायम पहिल्या पदाचं. म्हणताना, लिहिताना, ओळ तोडताना, ते डावीकडेच राहतं. आर्बैत्स-प्लास, बाणे-हागे. तो एस चुकून पुढच्या पदाला चिकटवला तर 'स्प्लास' असलं काहीतरी होतं, आपल्याकडून हे फार होतं. आणि हा एस कामाचा पण आहे. वीनग्लास म्हणजे वाइनचा ग्लास, यात एस नाही. पण व्हाइट वाइनचा ग्लास म्हटला की वीतवीन्सग्लास, लगेच मध्ये एस आला. पहिलं पद स्वतःच दोन शब्दांचं झालं की नॉर्वेजियन माणूस पुष्कळदा मुख्य सांध्यावर असा एस ठोकतो, जणू खुंटीच मारली की इथे बघा, इथे मोठा जोड आहे. तुमच्या मुलीच्या डब्यात ब्रेडच्या दोन कापांमध्ये जो छोटा पातळ कागद घालतात त्याचं नाव आहे मेल्लॉमलेग्सपापीर. पहिल्यांदा पाकिटावर वाचला तेव्हा मी दुकानात उभी राहून पुटपुटत होते. पण खुंटी बघा, मेल्लॉमलेग्स एकीकडे, पापीर दुसरीकडे. मेल्लॉम म्हणजे मध्ये, लेग् म्हणजे ठेवलेलं, मध्ये ठेवायचा कागद, संपलं.

आता जोर. ॲपने सांगितलेलं अर्धं खरं आहे आणि अर्धं खरं फार त्रास देतं. नियम 'पहिल्या अक्षरावर जोर' असा नाहीये. नियम असा आहे की मुख्य जोर पहिल्या पदावर, आणि त्या पदात जिथे एरवी जोर असतो तिथेच. अस्सल जुने नॉर्वेजियन शब्द पहिल्या अक्षरावर जोर घेतात म्हणून दोन्ही एकच वाटतं. पण फ्रेंच, लॅटिन, जर्मनमधून आलेले शेकडो रोजचे शब्द शेवटाकडे जोर घेतात. पुलिती, म्हणजे पोलीस, जोर 'ती' वर. स्ताशून, जोर 'शून' वर. मग पोलीस स्टेशन काय होईल? पुलितीस्ताशून, मुख्य ठोका 'ती' वर, आणि 'शून' वर दुसरा, हलका. 'पु' वर काहीच नाही. तुम्ही 'पु' वर जोर देऊन म्हणत असाल तर कोणाला कळणार नाही, यात तुमचा दोष नाही. बटाटा म्हणजे पुतेत, जोर 'तेत' वर, म्हणून वेफर्सना म्हणतात ते पुतेतगुल, शब्दशः बटाट्याचं सोनं, त्यातही जोर 'तेत' वरच. फोन नंबर, तेलेफूननुम्मेर, जोर 'फून' वर. युनिव्हर्सिटीची लायब्ररी, उनिवॅषितेत्सबिब्लिउतेक, चार अक्षरं नुसती चढण आणि मग 'तेत' वर ठोका, आणि शेवटच्या 'तेक' वर हलका.

माझी सगळ्यात आवडती जोडी चॉकलेटची आहे कारण यात पूर्ण गणित दिसतं. शुकुलादे म्हणजे चॉकलेट, जोर 'ला' वर. आता शुकुलादेकाके म्हणा, चॉकलेट केक. पहिलं पद शुकुलादे, म्हणून मुख्य ठोका 'ला' वर, पहिलं 'का' हलकं. आता मेल्केशुकुलादे म्हणा, मिल्क चॉकलेट. पहिलं पद मेल्के, मुख्य ठोका 'मेल' वर, आणि तोच 'ला' आता दुय्यम झाला. शब्द तोच, जागा बदलली म्हणून त्याचं वजन बदललं. दुय्यम झाला म्हणजे विझला नाही हे मात्र लक्षात ठेवा, 'ला' चा स्वर अजून लांबच आहे, फक्त आवाज वर उसळत नाही. आपण नेमकी गडबड इथे करतो. एक तर दुसऱ्या पदावर परत नव्याने पूर्ण जोर देतो, नाहीतर पहिल्यावर एकदा जोर दिला की उरलेलं सगळं सपाट गुळगुळीत करून टाकतो.

मी वर्गात हे टेबलावर करते. मुख्य ठोक्याला मूठ आपटायची, दुय्यमला एक बोट टेकवायचं, बाकी अक्षरांना हात हवेत. शुकु हवेत, 'ला' मूठ, दे हवेत, 'का' बोट, के हवेत. ओरडायचं नाही, मूठ पडेल तिथे स्वर लांबवायचा नाहीतर व्यंजन दाबायचं. जोर म्हणजे मोठा आवाज अशी आपली समजूत असते, पण नॉर्वेजियन कान लांबी आणि सूर शोधतो, आवाजाचा मोठेपणा नाही. घरी किचनच्या ओट्यावर करून बघा, फ्रिज उघडायचा आणि एकेक वस्तू. ब्रूनउस्त, म्हणजे ते तपकिरी गोडसर चीज, 'ब्रून' मूठ, 'उस्त' बोट. लेवेरपॉस्तै, म्हणजे लिव्हरचं ब्रेडवर लावायचं ते, 'ले' मूठ, आणि बोट 'पॉस' वर नाही तर 'तै' वर, कारण पॉस्तै या शब्दाचा स्वतःचा जोर शेवटी आहे. तुमच्याकडे ते खात नसतील तर बेरींचा डबा घ्या, ब्लोबॅर, 'ब्लो' मूठ, 'बॅर' बोट.

ब्लोबॅर आलाच आहे तर सांगते की एकाच शब्दात एक मूठ आणि दोन शब्दांत दोन मुठी, यावर अर्थ बदलतो. ब्लोबॅर एका मुठीत म्हटलं की ती विशिष्ट बेरी. ब्लो बॅर, दोन मुठी, म्हणजे कुठलीही निळी फळं. मला हे कसं समजलं ते सांगते. वर्ग घ्यायला लागले त्या वर्षी शेजारच्या आजींनी विचारलं काय करता, मी मोठ्या उत्साहात सांगितलं मी 'नॉष्क लॅरेर' आहे, दोन्ही शब्दांवर छान स्पष्ट जोर देऊन, कारण मला वाटायचं स्पष्ट बोललं की कळतं. आजी थोड्या थांबल्या आणि म्हणाल्या, अच्छा, कधी मिळालं नागरिकत्व? कारण दोन मुठींत नॉष्क लॅरेर म्हणजे नॉर्वेजियन असलेली शिक्षिका. नॉर्वेजियन शिकवणारी शिक्षिका म्हणजे नॉष्कलॅरेर, एक मूठ 'नॉष्क' वर आणि 'लॅ' वर बोट. मी त्या संध्याकाळी तो एक शब्द कितीतरी वेळा म्हटला असेन. आणि मग जाणवलं की मी सगळेच जोडशब्द असे सुट्टे करून म्हणतेय, प्रत्येक पदाला समान मान देऊन. मराठीत जोराने अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपण तो वाटून टाकतो, चांगल्या मनाने. इथे तो वाटायचा नसतो.

लिहिताना हीच चूक झाली की तिला सॅष्क्रीविंग म्हणतात, म्हणजे जोडशब्द तोडून लिहिणे, आणि यावरून नॉर्वेजियन लोक मनापासून वैतागतात. नेहमीची उदाहरणं तुम्ही ऐकली असतील. रॉय्कफ्रित एकत्र लिहिलं तर धूम्रपानमुक्त जागा, तोडून लिहिलं तर 'खुशाल ओढा'. लाम्मेलोर म्हणजे मेंढीच्या कोकराची तंगडी, तोडलं तर लुळ्या पडलेल्या मांड्या. आनानासरिंगेर म्हणजे डब्यातल्या अननसाच्या चकत्या, तोडलं तर अननस फोन करतोय. आपली अडचण अशी की फोनच्या डिक्शनरीत प्रत्येक जोडशब्द नसतो, नसणारच, कारण लोक रोज नवे बनवतात, मग खाली लाल रेघ येते, आणि आपण घाबरून मध्ये स्पेस देतो आणि रेघ जाते. लाल रेघ राहू द्या. मनातल्या मनात शब्द म्हणा, एक मूठ पडली तर एकत्र लिहा, दोन पडल्या तर तोडा. मूठ पक्की झाली की लिखाण आपोआप सुधारतं.

तीन सारखी व्यंजनं एकत्र आली तर मात्र डोळा फसतो, ते वेगळं सांगते. बुस, म्हणजे बस, हा शब्द दोन एसने संपतो, स्ताशून एसने सुरू होतो, तीन एस झाले, पण नॉर्वेजियनमध्ये तीन लिहीत नाहीत, एक गाळतात. नात्त अधिक तोग, रात्रीची ट्रेन, नात्तोग, त्यात तीनऐवजी दोनच टी. ओस्लोहून बॅर्गेनला जाणारी रात्रीची गाडी पकडायला गेलात तर पाटीवर हाच शब्द दिसेल. फुतबाल अधिक लाग, तीन एलचे दोन. फुटबॉलची राष्ट्रीय टीम, फुतबाल अधिक लान्सलाग, इथे तर डोळा 'बालान' असं काहीतरी वाचून पुढे जातो आणि शब्द हातातून निसटतो. असे शब्द अडले की मनात ते गळलेलं अक्षर परत घाला. ओळ संपताना शब्द तोडायची वेळ आली तर नियमानेही ते परत येतं, वरच्या ओळीत दोन आणि खालच्या ओळीत एक.

ओळीच्या शेवटी तोडायचं म्हणाल तर फार काही नाही. जोडशब्द असेल तर सांध्यावर तोडा, जास्तीचा एस वरच्या ओळीत. साधा शब्द असेल तर फक्त एक व्यंजन खालच्या ओळीत न्यायचं. ऑफिसच्या कामाला एवढं पुरतं.

अपवाद सांगायला हवेत, नाहीतर उद्या तुम्ही गावांची नावं घेताना अडकाल. लिल्लेहाम्मेर, जिथे १९९४ चं हिवाळी ऑलिंपिक झालं, त्यात जोर 'हाम' वर, म्हणजे दुसऱ्या पदावर. क्रिस्तियानसान् मध्ये शेवटच्या 'सान्' वर. ओस्लोतलं मायूष्टूएन, मेट्रोचं मोठं जंक्शन, जोर 'यू' वर, कारण मायूर म्हणजे मेजर हा परदेशी शब्द. गावांची नावं नियमाने नाही, स्टेशनवरची घोषणा ऐकून शिका. सुरुवातीला बे- किंवा फॉर- असेल तर बहुतेक वेळा त्यावर जोर नसतो, बेताले म्हणजे पैसे देणे, जोर 'ता' वर, म्हणून पेमेंट कार्ड बेतालिंग्सकॉट, मूठ 'ता' वर आणि बोट 'कॉट' वर. फॉष्टो म्हणजे समजणे, जोर 'टो' वर. पण फॉर्मवर जे फोणाव्न असतं, म्हणजे पहिलं नाव, तिथला 'फो' वेगळा, त्याचा अर्थ 'पुढचं', आणि तो ठसठशीत मूठ घेतो.

आकडे पण उलटे आहेत. त्रेत्तितू म्हणजे बत्तीस, शब्दशः तीस-दोन, जोर शेवटच्या 'तू' वर. पूर्वी तेही आपल्यासारखं आधी एकक मग दशक म्हणायचे, १९५१ साली सरकारने उलटं केलं, मुख्यतः टेलिफोन खात्याच्या आग्रहाने कारण ऑपरेटरला नंबर सांगताना घोळ व्हायचे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'तीस दोन' आलं तेव्हा आपल्याकडे केवढी चर्चा झाली आठवतं ना, इथे सत्तर वर्षं होऊनही काही वयस्कर लोक अजून जुन्या पद्धतीनेच सांगतात. त्यांच्याकडून फोन नंबर घेताना लिहून दाखवा आणि खात्री करा. आणि ओस्लोच्या पूर्व भागातले किंवा खेड्यातले आजोबा 'स्ताशून' चा जोर 'स्ता' वर देतात, ते चुकत नाहीयेत, ती त्यांची बोली आहे. तुम्ही मात्र 'शून' वरच ठेवा.

आता एक गोष्ट जिथे आपण मराठी माणसं बाकीच्यांच्या पुढे आहोत, आणि हे कोणी सांगत नाही. या पट्ट्यात र च्या पुढे त, द, न, स आले की दोन्ही मिळून मूर्धन्य होतात, म्हणजे आपले ट, ड, ण, ष. लिहिलेलं असतं बार्न, म्हणतात बाण. लिहिलेलं यॅर्नबाने, म्हणजे रेल्वे, म्हणतात यॅणबाने. माझ्या वर्गातले पोलिश, स्पॅनिश विद्यार्थी या ण साठी महिनेच्या महिने घालवतात आणि आपण तो आईच्या दुधाबरोबर शिकलोय. आणि हे सांध्यावरही होतं. विन्तेर अधिक दाग, हिवाळ्यातला दिवस, बोलताना विन्तेडाग. सॉम्मेर अधिक तीद, सॉम्मेटीद. म्हणजे सांधा डोक्यात ठेवायचा पण तोंडात तो वितळू द्यायचा, दोन पदांच्या मध्ये श्वास घेऊन थांबायचं नाही. बॅर्गेन, स्तावांगेरकडे र घशातून येतो, तिथे हे होत नाही, ड्रामेनला होतं.

यात आपला एक खड्डाही आहे. आपण इंग्रजीमुळे सगळे टी-डी सरसकट ट-ड म्हणतो. टेलिफोन, टमाटर. नॉर्वेजियनचा साधा टी आपल्या त च्या जवळचा आहे. कात्त म्हणजे मांजर आणि काट्ट म्हणजे नकाशा, फरक फक्त त आणि ट चा, कारण नकाशाच्या स्पेलिंगमध्ये र आहे. मांजर हरवलंय हे सांगताना ट लावलात तर लोक नकाशा शोधतील. तेव्हा 'तेलेफूननुम्मेर' म्हणताना त ठेवा, ट फक्त जिथे र लिहिलाय तिथेच.

सुराबद्दल. इथे दोन सूर आहेत, आणि त्याने खरंच अर्थ बदलतो. तांकेन म्हणजे 'ती टाकी' आणि तांकेन म्हणजे 'तो विचार', अक्षरं एकच, पहिल्या सुरात आवाज खालून सुरू होऊन वर जातो, दुसऱ्यात वरून घसरतो आणि मग वर जातो. पण जोडशब्दासाठी तुम्हाला आत्ता एवढंच पुरे की कितीही लांब शब्द असो, पूर्ण शब्दाला मिळून एकच सूर असतो, आणि तो पहिल्या पदावर ठरतो. मेल्केशुकुलादे हा एक झोका आहे, 'मेल' वर घसरण आणि अगदी शेवटी चढण. प्रत्येक पदाला नवा झोका दिला की परत नॉष्क लॅरेर होतं. कुठल्या शब्दाला कुठला सूर हे आत्ता पाठ करू नका. संदर्भाने लोकांना कळतं, आणि नॉर्वेतच अशा बोली आहेत ज्यांत दोन सुरांचा भेद नाही, त्यांचं काही अडत नाही. जोर आणि लांबी चुकली की मात्र अडतं. नॉष्कप्रोवेच्या, म्हणजे नॉर्वेजियन भाषेच्या चाचणीच्या, तोंडी परीक्षेतही समोरच्याला विनासायास कळतंय का हे महत्त्वाचं असतं, आणि ते या दोन गोष्टींवर सगळ्यात जास्त अवलंबून आहे.

एखादा शब्द अडलाच तर मोठा शब्द शोधत बसू नका, त्यातलं पहिलं पद एकटं शोधा. नॉर्वेजियन अकादमीची ऑनलाइन डिक्शनरी फुकट आहे आणि तीत उच्चार दिलेले असतात. पहिल्या पदाचा जोर कळला की मोठ्या शब्दाचा मुख्य जोर कळला, दुसऱ्या पदाचा कळला की बोट कुठे टेकवायचं ते कळलं.

तुम्ही शेवटी लिहिलंय की पुढच्या आठवड्यात राहण्याच्या परवान्यासाठी पोलिसांकडे अपॉइंटमेंट आहे आणि तिथे तरी नीट बोलायचंय. मग हा एकच शब्द आत्ता बसवू, तो तिथे वारंवार येणार. ऑप्हॉल्सतिल्लातेल्से. शेवटचा ओळखीचा शब्द तिल्लातेल्से, परवानगी. डावीकडे ऑप्हॉल्स, म्हणजे राहणं, आणि त्याच्या टोकाला आपली खुंटी, एस, ती डावीकडेच. तिल्लातेल्से मध्ये एरवी जोर 'तिल' वर. म्हणजे 'ऑप' वर मूठ, हॉल्स हवेत, 'तिल' वर बोट, ल दाबून, आणि लातेल्से पटकन, शेवटी आवाज थोडा वर. आधी दोन्ही पदं वेगवेगळी पाच वेळा म्हणा, मग न थांबता जोडून पाच वेळा, मग 'माझा' जोडून, मीन ऑप्हॉल्सतिल्लातेल्से. मुलीला समोर बसवून म्हणा. बाणेहागेतली मुलं फार चांगलं ऐकतात, कुठे चुकलं ते तिला सांगता येणार नाही, पण बरोबर आलं की ती लगेच मान डोलावेल.